सेप्टिक टाकीतला गाळ: कोकणातल्या घरासाठी मोजणीपासून उपशापर्यंत

"आमची टाकी वीस वर्षांत एकदापण उपसावी लागली नाय." अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही वाडीत हे वाक्य कौतुकाने सांगितलं जातं. ते ऐकलं की माझा पहिला प्रश्न असतो, विहीर किती लांब आहे? रोज वापरात असलेली टाकी वीस वर्षं भरत नसेल तर दोनच शक्यता उरतात. तिला तळ नसेल आणि मैला जमिनीत मुरत असेल, किंवा टाकी केव्हाच गाळाने भरली असेल आणि आता गाळच पुढच्या शोषखड्ड्यात जात असेल. दोन्हीत घर बांधणाऱ्याला त्रास कमी आणि खालच्या अंगाला विहीर असलेल्या शेजाऱ्याला जास्त.

टाकीतला गाळ पावसाच्या आधी, ठरवून, मोजून आणि यंत्राने काढायचा, एवढंच काम आहे. पण त्यातली प्रत्येक पायरी आपल्याकडे चुकीच्या पद्धतीने होताना दिसते, म्हणून सविस्तर लिहितो.

आत नेमकं काय होतं

संडासातून आलेला मैला टाकीत शिरला की त्याचे तीन थर होतात. जड भाग तळाला बसतो, तो गाळ. तेल-चरबी आणि हलका भाग वर तरंगतो, ती साय. मधे तुलनेने निवळ पाणी राहतं आणि तेच पुढच्या पाइपातून शोषखड्ड्यात जातं. हवेशिवाय जगणारे जिवाणू तळाचा गाळ हळूहळू कुजवतात, त्यामुळे त्याचं आकारमान बरंच घटतं, पण तो संपत नाही. माणशी वर्षाला साधारण ४० लिटर गाळ मागे उरतो असं धरून हिशेब करावा. वापरानुसार हा आकडा ३० ते ८० लिटरपर्यंत हलतो.

गाळ वाढला की मधली निवळ पाण्याची जागा कमी होते. पाणी टाकीत एक ते दोन दिवस थांबायला हवं, ते काही तासांतच बाहेर पडतं आणि न बसलेला मैला सोबत घेऊन जातं. शोषखड्ड्याच्या जांभ्याची छिद्रं एकदा अशी बुजली की टाकी उपसूनही पाणी मुरत नाही, नवा खड्डाच खणावा लागतो. उपसा वेळेवर न करण्याचा खरा खर्च हा आहे.

आधी ओळखा: टाकी की खड्डा?

बऱ्याच घरांत चिऱ्याची चार भिंतींची जागा असते, वर स्लॅब असतो आणि तिला सगळे टाकीच म्हणतात. गवंड्याने तळाला कोबा केला होता का आणि आतून सिमेंटचा गिलावा होता का, हे घरातल्या जुन्या माणसाला विचारा. जांभा सच्छिद्र असतो, गिलाव्याशिवाय तो पाणी धरून ठेवत नाही. तळही नसेल तर ती टाकी नव्हे, शोषखड्डाच आहे.

स्वच्छ भारत मिशनमध्ये बांधलेल्या अनेक संडासांना दोन शोषखड्डे आणि मधे वळवणीचं चेंबर असतं. ती पद्धत वेगळी आणि चांगली आहे. एक खड्डा भरला की चेंबरमध्ये बोळा बदलून मैला दुसऱ्याकडे वळवायचा. पहिला निदान दीड ते दोन वर्षं बंद ठेवायचा, मग त्यातलं कोरडं, वास नसलेलं खत फावड्याने काढता येतं. अशा खड्ड्यासाठी मैला उपसणारी गाडी बोलावण्याची गरज नाही. पण दोन्ही खड्डे एकाच वेळी चालू ठेवले असतील, आणि तसे ते पुष्कळ ठिकाणी असतात, तर ही सोय पूर्ण वाया जाते.

सेप्टिक टाकीचं भारतीय मानक आयएस २४७० आहे. त्यानुसार टाकीची रुंदी किमान ७५ सेंटिमीटर, पाण्याची खोली किमान १ मीटर आणि लांबी रुंदीच्या दोन ते चार पट असावी. मुरवणीची जागा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर, म्हणजे ६० फूट लांब हवी. किनाऱ्यालगतच्या पुळणीत, म्हणजे वाळूच्या जमिनीत, किंवा जांभ्याच्या भेगांतून पाणी फार वेगाने सरकतं, त्यामुळे आपल्याकडे ६० फूट ही खात्री समजू नये. विहीर उताराच्या खालच्या बाजूला असेल तर अंतर शक्य तितकं वाढवावं.

हिशेब: किती वर्षांनी?

टाकीची लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली फुटांत घेऊन गुणा, आलेल्या आकड्याला २८ ने गुणा, म्हणजे लिटर मिळतात. ६ फूट लांब, ३ फूट रुंद, ४ फूट पाणी: ७२ घनफूट, म्हणजे सुमारे २,००० लिटर. गाळाने एक तृतीयांश जागा व्यापली की उपसायचं, म्हणजे साधारण ६७० लिटरवर. घरात बारमाही पाच माणसं असतील तर वर्षाला २०० लिटर, म्हणून तीन वर्षांनी थोडं पुढेमागे. सरकारी मार्गदर्शनातही दोन ते तीन वर्षांचाच काळ सांगितलेला आहे. आपल्याच राज्यात वाई आणि सिन्नर या शहरांनी तर तक्रारीची वाट न पाहता दर तीन वर्षांनी प्रत्येक घराची टाकी पाळीपाळीने उपसण्याची पद्धत सुरू केली. कोकणातल्या नगरपंचायतींनी ही पद्धत उचलावी असं मला मनापासून वाटतं.

पण कोकणातलं घर पाच माणसांचं बारमाही घर नसतं. वर्षभर आजी-आजोबा दोघंच, गणपतीला दहा दिवस वीस माणसं, मे महिन्यात महिनाभर दहा-बारा. गाळाचा हिशेब दिवसांची बेरीज करून करा: दोन माणसांचे ७३० दिवस, गणपतीचे २००, मेचे ३०० ते ३५०. एकूण भागिले ३६५ केलं की सरासरी साडेतीन माणसं निघतात. गाळ त्या मानाने हळू साठतो. त्रास होतो तो पाण्याचा. वीस माणसांचं फक्त संडासाचं पाणी दिवसाला ६०० लिटरच्या आसपास जातं. त्यात न्हाणीचंही पाणी जोडलेलं असेल तर ते २,००० लिटरच्या पुढे जातं, म्हणजे अख्खी टाकी दिवसाभरात धुऊन निघते आणि दोन वर्षांचा साठलेला गाळ ढवळून शोषखड्ड्यात उतरतो. अनंत चतुर्दशीच्या आसपास संडास तुंबल्याच्या तक्रारी येतात त्या यामुळे. त्यात भर म्हणजे भाद्रपदात जमिनीतलं पाणी आधीच वर आलेलं असतं, मुरायला जागाच नसते.

जुन्या घरांत न्हाणीचं पाणी माडाच्या आळ्यात किंवा केळीला सोडलेलं असायचं. तीच पद्धत ठेवा. स्वयंपाकघर आणि न्हाणी टाकीला जोडूच नका.

मोजायचं कसं

टाकीवर झाकणच नसेल, किंवा खळ्याच्या फरशीखाली गाडलं गेलं असेल, तर आधी ते शोधा. संडासातून निघालेला चार इंची पाइप आणि टाकीतला वायू वर सोडणारा उभा पाइप (व्हेंट पाइप) यांच्या सरळ रेषेत टाकी असते, पहारेने ठोकलं की पोकळ आवाज येतो. नवं तोंड फोडायचं असेल तर छिन्नी-हातोड्याने, पाणी मारत, व्हेंट पाइप मोकळा आहे याची खात्री करून फोडावं. ग्राइंडर लावू नका. आत मिथेन असतो आणि ठिणगी पुरते. तोंड निदान दीड फुटाचं हवं आणि त्याचा काठ जमिनीपेक्षा चार बोटं वर, नाहीतर पावसाचं पाणी आत उतरतं.

झाकण उघडताना दोन मोठी माणसं हवीत, मुलं आणि बिडी-काडी लांब. वारा आपल्या पाठीकडून टाकीकडे जाईल असं उभं राहून आकड्याने झाकण सरकवा आणि अर्धा तास तसंच उघडं ठेवा. तोंडावर वाकून आत डोकावू नका. जुनं झाकण वरून धड दिसतं, पण आतली सळई गंजलेली असते, म्हणून त्यावर कधीही उभं राहू नका.

आता एक सात-आठ फुटांची बांबूची काठी घ्या. खालच्या तीन फुटांना जुन्या पांढऱ्या पंचाची पट्टी घट्ट गुंडाळून सुतळीने बांधा. काठी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या बाजूने, हलक्या हाताने, सरळ तळापर्यंत सोडा. दोन-तीन मिनिटं तशीच धरा, ढवळू नका. मग सावकाश वर काढा. पट्टीवर खालून वर काळपट, रवाळ, चिकट गाळ बसलेला दिसतो आणि एका रेषेपाशी तो संपून वर नुसतं करडं ओलं कापड राहतं. ती रेष म्हणजे गाळाची उंची. काठीवर पाण्याची पातळीही कळते.

सायीसाठी दुसरी काठी, तिच्या टोकाला सहा इंची फळीचा तुकडा ठोकून. ती सायीतून खाली ढकला आणि हळूच वर ओढा. जिथे फळी अडते तो सायीचा तळ. पाणी ४८ इंच, गाळ १४ इंच आणि साय ५ इंच निघाली तर एकूण १९ झाले. ४८ चा तिसरा हिस्सा १६, म्हणजे गाडी बोलावण्याची वेळ झाली. बेरीज २४ च्या वर गेली असेल तर आधीच उशीर झालेला आहे. मोजताना हातमोजे आणि गमबूट घाला. नंतर काठ्या ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन उन्हात टाका, पट्टी पुरून टाका.

वर्षातून एकदा, जानेवारीत, हे अर्ध्या तासाचं काम आहे.

कधी उपसायचं

फेब्रुवारी ते एप्रिल. तेव्हा जमिनीतलं पाणी खोल गेलेलं असतं, जांभ्या मातीचे रस्ते कोरडे असतात आणि मेची गर्दी सुरू झालेली नसते.

पावसाळ्यात टाकी पूर्ण रिकामी करणं धोक्याचं आहे. भोवतालचं पाणी भिंतींवर बाहेरून दाब देतं आणि आतून त्याला तोलणारं काही उरत नाही. प्लास्टिकची किंवा फायबरची टाकी अशा वेळी उचकटून वर येते, पाइप तुटतात. बांधीव टाकीला भेगा पडतात. मालवण-तारकर्लीसारख्या पुळणीच्या जागेत हे जास्त घडतं. जुलैत अडचण आलीच तर फक्त अर्धी टाकी उपसून घ्या आणि उरलेलं काम फाल्गुनात करा.

गाडीवाल्याला काय विचारायचं

मैला उपसणारी गाडी नगरपरिषदेकडे, नगरपंचायतीकडे किंवा खासगी माणसाकडे असते. फोनवर चार गोष्टी ठरवा: पाइप किती लांब आहे, गाडीची क्षमता किती, माणसांना हातमोजे-बूट-मास्क आहेत का, आणि मैला कुठे रिकामा करणार. आपल्याकडे गाडी बहुतेक वेळा दारापर्यंत येत नाही. पाखाडी उतरून, गडगा ओलांडून पाइप न्यावा लागतो. रस्त्यापासून टाकीपर्यंतचं अंतर दोरीने मोजून सांगा, उंचीतला फरकही सांगा. गाडीचा पंप फार खोलातून ओढू शकत नाही. घर रस्त्याच्या पंचवीस-तीस फूट खाली असेल तर नुसत्या ओढीवर काम होणार नाही, ट्रॅक्टरला जोडलेली छोटी टाकी आत आणता येते का ते बघावं.

काम सुरू झाल्यावर तिथे उभे राहा. सर्वांत जास्त फसगत इथे होते. पाइप वरच्या पाण्यात सोडतात, दहा मिनिटांत गाडी भरते, पैसे घेऊन माणसं जातात, आणि ज्याच्यासाठी बोलावलं तो घट्ट गाळ तळाला तसाच राहतो. एका शेजारच्या घरी मी हे डोळ्यांनी पाहिलं. गाडी गेल्यावर काठी घातली तर चौदा इंचांचे बारा इंच झाले होते. बरोबर पद्धत अशी: आधी सायीचा थर लांब काठीने फोडायचा. मग निम्मं पाणी ओढायचं. मग ओढलेलंच पाणी थोडं दाबाने परत टाकीत सोडून तळाचा गाळ ढवळायचा आणि पाइपाचं तोंड तळावर कोपऱ्याकोपऱ्यांत फिरवत पातळ झालेला गाळ ओढायचा. समुद्राजवळच्या घरांत गाळाखाली वाळूचा थरही निघतो. पर्यटक पुळणीवरून येऊन न्हाणीत पाय धुतात ती वाळू. ती कुजत नाही, ढवळूनच काढावी लागते. होमस्टेवाल्यांनी अंगणात पाय धुण्याचा वेगळा नळ लावला तर ही कटकट मुळातच टळते.

दोन-तीन इंच गाळ तळाला राहू द्या. त्यातले जिवाणू पुढचं काम लगेच सुरू करतात. टाकी घासून, ॲसिड किंवा फिनेल टाकून चकचकीत करण्याची काहीच गरज नाही.

माणूस आत उतरणार नाही

हे एका ओळीत संपवता येत नाही. टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो. त्याला कुजलेल्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची ताकदच जाते आणि माणसाला वाटतं, वास गेला, आता ठीक आहे. पुढच्या काही श्वासांत तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. देशभरातल्या दुर्घटनांत दोन-तीन माणसं एकत्र गेल्याच्या बातम्या येतात त्या अशाच. रिकाम्या, दोन दिवस उघड्या ठेवलेल्या टाकीतही ढवळलेल्या गाळातून वायू सुटतो.

हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला सेप्टिक टाकीत उतरवणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा संस्थांना लागू आहे तसाच घरमालकालाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूंसाठी ३० लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. पण शिक्षेच्या भीतीपेक्षाही, आपल्या घाणीसाठी कुणाचा तरी मुलगा तिथे उतरतो ही गोष्टच आपल्या मनाला पटता कामा नये. कुणी "दादा, पाचशे द्या, मी उतरून साफ करतो" म्हणालं तरी नाही म्हणा.

आत कुणी पडलंच तर मागोमाग उतरू नका. मोकळी हवा मिळेल असं टाकीचं तोंड उघडा, दोर टाका, १०१ वर अग्निशमन दलाला आणि १०८ वर रुग्णवाहिकेला बोलवा.

उपसा झाल्यावर

बाहेरूनच बॅटरी मारून आत येणारा आणि बाहेर जाणारा टी-पाइप (इंग्रजी T च्या आकाराचा जोड) जागेवर आहे का बघा. बाहेर जाणाऱ्याचं तोंड पाण्याखाली फूटभर गेलेलं असावं, ते तुटलं असेल तर साय थेट शोषखड्ड्यात जाते. मग टाकी साध्या पाण्याने बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या पातळीपर्यंत भरा आणि चोवीस तास संडास वापरू नका. पातळी खाली गेली तर टाकी गळते. आत उतरून गिलावा करण्याच्या फंदात पडण्यापेक्षा तळाला काँक्रीटचं वजन देऊन नवी तयार टाकी बसवणं सुरक्षित आणि टिकाऊ पडतं.

जिवाणूंची पावडर, गूळ, यीस्ट, यातल्या कशानेही उपसा टळत नाही. अगदी नव्या टाकीत सुरुवातीला थोडं कुजलेलं शेण टाकायला मानकातही मुभा आहे, त्यापुढे काही लागत नाही. डायपर, सॅनिटरी पॅड, ओले टिश्यू, नारळाची शेंडी, राख टाकीत जाऊ देऊ नका. व्हेंट पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी बांधा. हत्तीरोग पसरवणारे क्युलेक्स डास अशा पाण्यातच वाढतात.

मैला जातो कुठे

गाडी दारातून गेली म्हणजे विषय संपला असं समजू नका. रात्री खाडीच्या कडेला, कांदळवनात किंवा सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) मोकळ्या जागी गाडी रिकामी करणारे आहेत. खाडीतल्या तिसऱ्या (शिंपल्या) आणि कालवं पाणी गाळून त्यातलं खाद्य खातात, मैल्यातले जंतू त्यांच्या अंगात साठतात आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून आपल्याच ताटात येतात. म्हणून पावतीवर मैला कुठे नेला ते लिहून मागा. मैला प्रक्रिया केंद्र किंवा शहराचं सांडपाणी प्रक्रिया केंद्र, ही दोनच उत्तरं बरोबर आहेत.

कच्चा मैला हापूसच्या कलमांना किंवा माडांना घालायचा मोह होतो. घालू नका. जंतांची अंडी मातीत कित्येक महिने जिवंत राहतात. चर खणून मैला पुरण्याची पद्धत ग्रामीण भागासाठी मान्य आहे, पण तिला भूजल खोल असलेली जागा लागते. पुळणीत पाणी वर असतं आणि सड्यावर भेगाळ कातळ. त्यामुळे जागा पंचायतीने जिल्हा परिषदेच्या पाणी व स्वच्छता विभागाकडून तपासून घेतल्याशिवाय कुणी परस्पर चर खणू नये. चार-पाच ग्रामपंचायतींनी मिळून जवळच्या शहराच्या केंद्राशी करार करणं मला जास्त व्यवहार्य वाटतं.

इमारती आणि रिसॉर्टसाठी थोडं

रत्नागिरी-चिपळूणच्या मोठ्या इमारतींत आणि किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये हवा सोडणारं छोटं एसटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्र, असतं. तिथला गाळ आठवड्याला थोडाथोडा काढावा लागतो. हवेच्या टाकीतलं पाणी एक लिटरच्या काचेच्या मोजपात्रात घेऊन अर्धा तास स्थिर ठेवा. तळाला २५० ते ३५० मिलिलिटर गाळ बसला तर ठीक. सतत ४०० च्या वर जात असेल तर जास्तीचा गाळ काढा. गाळ सुकवण्याच्या वाफ्यांवर कोकणात छप्पर हवंच, नाहीतर जून ते सप्टेंबर तो सुकत नाही आणि पन्हळीतून वाहून जातो. स्वयंपाकघराच्या पाण्याला तेल अडवणारं चेंबर लावा आणि ते रोज साफ करा, विशेषतः मासळी तळली जात असेल तर.

नोंद

विहिरीचं पाणी वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि पावसानंतर, ग्रामपंचायतीच्या तपासणी किटवर बघून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या पाहणीनंतर गावाला मिळालेलं कार्ड हिरवं, पिवळं की लाल, तेही विचारा. घरच्या वहीत उपशाची तारीख, काठीवरचे उपशाआधीचे आणि नंतरचे इंच, किती लिटर नेले आणि कुठे नेले, एवढं लिहा. टाकीच्या तोंडाचं अंतर घराच्या दोन कोपऱ्यांपासून मोजून त्याच पानावर काढून ठेवा. मुंबईला राहणाऱ्या पुढच्या पिढीला फरशी न फोडता झाकण सापडेल.